नावामागची कथा : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

व्यक्तिनामांविषयी प्रश्न पाठवावेत, असे आवाहन आम्ही केल्यानंतर आलेल्या पत्रांपैकी बहुतेकांत एकच विचारणा होती : अमुक नावाचा अर्थ काय? नावाचा कोशातला अर्थ एक असतो आणि ते ठेवणाऱ्याच्या मनातला अर्थ पुष्कळदा अगदी निराळा असतो. त्यामुळे उत्तरे देताना शब्दाच्या व्युत्पत्तीबरोबरच ते नाव कोणी, केव्हा आणि कशासाठी ठेवले असावे, हेही पाहिले आहे. जागेअभावी सहाच पत्रे निवडली आहेत.

प्रश्न : माझ्या पणजोबांचे नाव धोंडू आणि त्यांच्या धाकट्या बहिणीचे नाव भिकाबाई होते. घराण्याची वंशावळ लिहिताना माझ्या मुलीने विचारले की, पोटच्या लेकरांना दगडाचे आणि भिकेचे नाव देणारे आईबाप कसे असतील? तिला काय सांगावे? (एक वाचक, रत्नागिरी)

उत्तर : आपल्या मुलीला असे सांगावे की, ते आईबाप बहुधा फार घाबरलेले होते. ज्या घरात पाठोपाठ दोन-तीन मुले दगावली होती, त्या घरात पुढच्या मुलाचे नाव मुद्दाम हलके, कुरूप, कोणाच्या नजरेत न भरणारे ठेवण्याची रीत आपल्याकडे सर्व जातींत होती. दगडू, धोंडू, केरू, केरबा, उकिरड्या ही नावे त्यातूनच आली. मूल इतके क्षुद्र आहे की ते केरात पडलेले आहे, अशी समजूत मृत्यूची किंवा दृष्ट लावणाऱ्या शक्तीची करून द्यायची आणि तिने पाठ फिरवली की त्याला पोटाशी धरायचे, असा तो हिशेब होता. काही ठिकाणी मुलाला खरोखरच उकिरड्यावर क्षणभर ठेवून उचलून आणत. भिकू, भिकाजी, भिकाबाई या नावांमागे हे मूल आमचे नाहीच, ते भीक मागून मिळाले आहे, असे जगाला सांगण्याचा प्रयत्न असे. मुलाचे नाक टोचून त्यात नथ घालायची आणि तो मुलगा नसून मुलगी आहे असे भासवायचे, ही याच रीतीची आणखी एक तऱ्हा असून नथू हे नाव तिची खूण आहे.

धोंडू या नावाला एक दुसरीही वाट आहे, तीही तपासून पाहावी. अधिक महिन्याला आपण धोंड्याचा महिना म्हणतो आणि त्या महिन्यात जन्मलेल्या मुलाचे नाव काही घरांत धोंडू ठेवले जाई. पणजोबांची जन्मतिथी कोठे लिहिलेली सापडली, तर जुने पंचांग काढून तो महिना अधिक होता का, हे आपल्याला पाहता येईल. मात्र पाठच्या बहिणीचे नाव भिकाबाई आहे, यावरून आपल्या घरात पहिलेच कारण घडले असण्याचा संभव मला अधिक वाटतो. वंशावळीत त्या दोघांच्या आधी जन्मून गेलेली, नावही न उरलेली भावंडे असतील, तर त्यांच्यासाठी एक रिकामी जागा अवश्य ठेवावी.

ही भीती आणि तिच्यावरची ही युक्ती केवळ आपलीच नाही. बंगालमध्ये तीनकौडी आणि पाँचकौडी ही नावे आढळतात. मूल दाईला किंवा शेजारणीला देऊन टाकायचे आणि तीन किंवा पाच कवड्या मोजून परत विकत घ्यायचे, म्हणजे ते विकत आणलेले, परके मूल ठरते. उत्तर भारतातील घसीटा हे नाव मुलाला जमिनीवरून किंचित फरफटवण्याच्या विधीवरून आले. मंगोलियात तर या प्रकारच्या नावांचा मोठा संग्रहच आहे : नेरग्वी म्हणजे ‘नाव नसलेला’, एनेबिश म्हणजे ‘हा नव्हे’, हुन्बिश म्हणजे ‘माणूस नव्हे’ आणि मूनोहोई म्हणजे ‘वाईट कुत्रा’. मुले न्यायला आलेल्या दुष्ट शक्तीने दाराशी उभे राहून विचारावे आणि घरच्यांनी ‘हा नव्हे’ असे उत्तर द्यावे, ते उत्तरच मुलाचे नाव होऊन बसले आहे.

नायजेरियातील योरुबा लोकांची रीत मला सर्वांत हृदयाला भिडणारी वाटते. वारंवार जन्म घेऊन वारंवार मरणाऱ्या मुलाला ते अबिकू म्हणतात. त्यांची समजूत अशी की, तेच मूल पुन्हा पुन्हा त्याच आईच्या पोटी येते आणि निघून जाते. म्हणून त्याच्याशी नावातूनच बोलले जाते. मालोमो म्हणजे ‘पुन्हा जाऊ नकोस’, दुरोजाये म्हणजे ‘थांब आणि जगण्याचा आनंद घे’, कोकुमो म्हणजे ‘आता तो मरणार नाही’. कोसोको या नावाचा अर्थ ‘कुदळ नाही’ असा आहे; म्हणजे तुला पुरण्यासाठी खड्डा खणायला आमच्याकडे आता अवजारच उरलेले नाही, तेव्हा तू राहा. याच नावाचा एक पुरुष 1845 ते 1851 या काळात लागोसचा राजा होता. आपल्याकडे स्त्रीशिक्षणासाठी आयुष्य वेचणारे आणि शंभरी ओलांडलेले महर्षी कर्वे यांचे नाव धोंडो होते, हे आपण जाणतोच. नाव हलके ठेवले म्हणून माणूस हलका ठरत नसे आणि त्या नावाची लाजही कोणाला वाटत नसे.

येथे एक भेद मात्र स्पष्टपणे सांगितला पाहिजे, कारण काही वाचक नकोशी किंवा नकुशा हे नावही याच मालिकेत बसवतात. वरवर पाहता ‘हा नव्हे’ आणि ‘नकोशी’ यांत साम्य दिसते. पण धोंडू या नावातून मृत्यूला खोटे सांगितले जात होते, तर मुलगाच हवा असताना पुन्हा मुलगी झाली म्हणून ठेवलेल्या नकोशी या नावातून त्या मुलीलाच खरे सांगितले जात होते आणि ते तिला जन्मभर हाकेबरोबर ऐकावे लागत होते. चीनमधील जाओदी हे मुलीचे नावही या दुसऱ्या वर्गातले आहे. त्याचा अर्थ ‘धाकट्या भावाला बोलावून आण’ असा होतो, म्हणजे नाव मुलीचे आणि बोलणे न जन्मलेल्या मुलाशी. सातारा जिल्ह्यात ऑक्टोबर 2011 मध्ये अशा नावांच्या 285 मुलींचे समारंभपूर्वक पुन्हा नामकरण करण्यात आले. धोंडू हे नाव आपण वंशावळीत अभिमानाने लिहावे. नकोशी हे नाव बदलले गेले, हे योग्यच झाले.

प्रश्न : आम्ही बाली बेटावर सहलीला गेलो असता गाडीचा चालक, हॉटेलमधील मुलगी आणि मंदिरातील वाटाड्या अशा तिघांनीही आपले नाव वायान असल्याचे सांगितले. परदेशी पाहुण्यांना सोपे जावे म्हणून ते खोटे नाव सांगतात काय? (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : ते तिघेही खरेच बोलत होते. बालीतील सर्वसामान्य हिंदू कुटुंबांत मुलाचे नाव त्याच्या जन्मक्रमावरून ठेवले जाते : पहिले अपत्य वायान, दुसरे मादे, तिसरे न्योमान आणि चौथे केतुत. पाचवे झाले तर पुन्हा वायानपासून सुरुवात होते. मुलगा आणि मुलगी यांना हीच नावे चालतात. पुरुषाच्या नावाआधी ‘इ’ आणि स्त्रीच्या नावाआधी ‘नि’ लावून भेद केला जातो. याखेरीज प्रत्येकाला स्वतःचे असे आणखी एक नाव असतेच. मादे हा शब्द आपल्या ‘मध्य’ या संस्कृत शब्दापासून झालेला आहे, तेव्हा मधल्या मुलाला मधला म्हणण्याची ही रीत आपल्या कानाला फार परकी वाटू नये. आपल्याकडेही थोरली, मधली, धाकटी हे शब्द कितीतरी घरांत नावाच्या जागी वापरले जातात. बालीत तेच कागदोपत्री नोंदले जातात, एवढाच फरक.

जन्मक्रमाऐवजी जन्मवारावरून नाव ठेवण्याची पद्धत घाना देशातील अकान लोकांत आहे. संयुक्त राष्ट्रसंघाचे माजी महासचिव कोफी अन्नान यांचा जन्म 8 एप्रिल 1938 रोजी कुमासी येथे झाला. तो शुक्रवार होता आणि कोफी म्हणजे शुक्रवारी जन्मलेला मुलगा. त्यांच्या नावातील अट्टा हा मधला शब्द ते जुळ्यांपैकी एक असल्याचे सांगतो, तर अन्नान हे मुळात चौथ्या अपत्याचे नाव आहे. त्यांच्या जुळ्या बहिणीचे नाव एफुआ, म्हणजे शुक्रवारी जन्मलेली मुलगी, असे होते.

या वारनामांचा एक पुढचा इतिहास आहे, तो येथे सांगितल्यावाचून राहवत नाही. अकान माणसांना गुलाम करून जहाजांतून कॅरिबियन बेटांवर नेण्यात आले, त्यांची भाषा आणि कुळे तोडण्यात आली, पण वाराचे नाव पुष्कळांनी जपले. जमैकाच्या डोंगरांत पळून जाऊन स्वतंत्र वस्त्या करणाऱ्या आणि 1739 मध्ये ब्रिटिशांना तह करायला लावणाऱ्या लोकांचा पुढारी कजो हा होता. कजो हे कोजो या नावाचे रूप असून त्याचा अर्थ सोमवारी जन्मलेला असा आहे. पालघर-ठाण्याच्या आदिवासी पाड्यांवर सोम्या, मंगळ्या, बुध्या, शुक्र्या ही नावे आपण ऐकतो. ती लिहिताना शहरातील माणूस अनेकदा मनातल्या मनात हसतो. त्याने हे लक्षात ठेवावे की, वाराचे नाव ही जगातील एक जुनी आणि पूर्ण प्रतिष्ठित नामपद्धती आहे.

प्रश्न : म्यानमारच्या नेत्या आंग सान सू ची यांचे आडनाव कोणते? ‘श्रीमती ची’ असे लिहावे काय? (एक विद्यार्थिनी, नागपूर)

उत्तर : तसे लिहू नये, कारण बर्मी लोकांत आडनाव ही गोष्टच नाही. त्यांच्या नावातील आंग सान हे वडिलांचे पूर्ण नाव आहे, सू हे वडिलांच्या आईच्या नावातून आणि ची हे त्यांच्या आईच्या, म्हणजे खिन ची यांच्या, नावातून घेतले आहे. म्हणून लिहिताना नाव पूर्ण लिहावे, किंवा तेथील लोक लिहितात तसे आदरार्थी ‘दॉ’ हा शब्द आधी लावावा. अशीच चूक आइसलँडच्या नावांबाबत होते. विग्डिस फिन्बोगादोत्तिर या 1980 मध्ये त्या देशाच्या राष्ट्राध्यक्ष झाल्या. लोकांनी मतदान करून निवडलेल्या त्या जगातील पहिल्या महिला राष्ट्राध्यक्ष होत. फिन्बोगादोत्तिर म्हणजे फिन्बोगी यांची कन्या. आपण वडिलांचे नाव मध्ये लिहितो, ते शेवटी लिहितात आणि आडनाव लिहीतच नाहीत. त्यामुळे तेथे राष्ट्राध्यक्षांनाही पहिल्या नावानेच संबोधले जाते आणि दूरध्वनीच्या छापील यादीतही पहिल्या नावानुसारच क्रम लावला जात असे.

प्रश्न : अलिबागजवळच्या आमच्या गावातील एका जुन्या कागदावर सामाजी आणि हसाजी अशी नावे आहेत. घरचे लोक म्हणतात की ही मराठा घराण्यातील नावे, तर गावातील एक वृद्ध गृहस्थ म्हणतात की ते ज्यू होते. खरे काय असावे? (एक वाचक, अलिबाग)

उत्तर : कागद पाहिल्याशिवाय निश्चित सांगता येणार नाही, पण त्या वृद्ध गृहस्थांचे म्हणणे सहज झटकून टाकू नये. कोकणातील बेने इस्राएल या ज्यू समाजाने कित्येक शतके आपली हिब्रू नावे मराठी वळणाने उच्चारली. शमुएलचा सामाजी झाला, यहेज्केलचा हसाजी झाला, अब्राहामचा आबाजी, इसहाकचा इसाजी, मोशेचा मुसाजी आणि बिन्यामिनचा बनाजी. शेवटच्या ‘जी’मुळे ही नावे शिवाजी, तानाजी यांच्या पंक्तीत इतकी सहज बसतात की, त्यांच्या आत इस्राएलच्या संदेष्ट्यांची नावे आहेत हे पटकन ध्यानात येत नाही. शमुएल या नावाचा ‘देवाने ऐकले’ असा अर्थ परंपरेने सांगितला जातो, आणि यहेज्केल म्हणजे ‘देव बळ देतो’.

मुंबईतील पहिले सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचे प्रार्थनामंदिर, 1796 मध्ये बांधणारे गृहस्थ इंग्रजी कागदपत्रांत सॅम्युएल इझिकेल दिवेकर या नावाने येतात आणि आपल्या माणसांत ते सामाजी हसाजी दिवेकर म्हणून ओळखले जात. नाव एकच, वडिलांचे नावही तेच, फक्त बोलणाऱ्याची जीभ निराळी. त्यांनी बांधलेल्या प्रार्थनामंदिराला लोक जुनी मशीद म्हणत, हेही मराठी माणसाने माहितीतल्या शब्दात अनोळखी वस्तू बसवण्याचेच उदाहरण आहे.

आडनावांत तर हा समाज पूर्णपणे कोकणी आहे : रोह्याचे रोहेकर, पेणचे पेणकर, किहीमचे किहीमकर, चौलचे चेऊलकर. हिंदी चित्रपटांत केवळ डेव्हिड या नावाने ओळखले गेलेले चरित्र अभिनेते डेव्हिड अब्राहाम चेऊलकर होते. त्यांच्या तीन शब्दांच्या नावात पहिले दोन हिब्रू आणि तिसरे आपल्या रायगड जिल्ह्यातील चौलचे आहे. तेल गाळण्याचा व्यवसाय आणि शनिवारी घाणा बंद ठेवण्याचा नियम यांमुळे या लोकांना शनिवार तेली म्हणत. आपल्या कागदावर आडनाव किंवा व्यवसाय लिहिलेला असेल, तर तो आधी वाचावा. शनिवारच्या सुट्टीचा उल्लेख सापडला, तर आपल्या प्रश्नाचे उत्तर मिळालेच म्हणून समजावे. इस्राएल राष्ट्राच्या स्थापनेनंतर यांतील बहुसंख्य कुटुंबे तेथे गेली, पण ‘कर’ लावलेली आडनावे घेऊन गेली आणि तेथे ‘मायबोली’ नावाचे मराठी नियतकालिकही निघाले.

प्रश्न : आमच्या मुलीसाठी कियारा आणि भाच्यासाठी रेयांश ही नावे सुचवण्यात आली आहेत. मोबाइलवरील यादीत दोन्ही नावे संस्कृत असल्याचे दिले आहे. ते बरोबर आहे काय? (एक दांपत्य, पुणे)

उत्तर : नाही. कियारा असे आपण देवनागरीत लिहितो, त्यात प्रत्यक्षात दोन वेगवेगळी युरोपीय नावे मिसळली आहेत. इटालियन भाषेतील क्यारा हे नाव लॅटिन ‘क्लारा’पासून आले असून त्याचा अर्थ स्वच्छ, उजळ, तेजस्वी असा आहे. आयरिश भाषेत जवळपास याच अक्षरांनी लिहिले जाणारे कीरा हे नाव ‘काळसर’ या अर्थाच्या शब्दापासून आले आहे. म्हणजे एकाच देवनागरी नावाच्या पोटात उजेड आणि काळोख असे दोन्ही अर्थ आहेत. दोन्ही नावे धारण करणाऱ्या ख्रिस्ती संत स्त्रिया होऊन गेल्या, तेव्हा नावात उणे काही नाही. मात्र ते संस्कृत आहे असे मुलीला सांगू नये. रेयांश हे नाव ‘सूर्याचा अंश’ या अर्थाने दिले जाते, पण रवि आणि अंश यांचा संधी रव्यंश असा होतो. रेयांश हा नादासाठी जुळवलेला शब्द आहे.

नादासाठी नाव जुळवणे हा काही गुन्हा नाही. हल्ली आपल्याकडे लोकप्रिय झालेले मायरा हे नाव इंग्रज कवी फल्क ग्रेव्हिल याने आपल्या कवितेसाठी बनवले, असे मानले जाते आणि तो 1628 मध्ये वारला. म्हणजे तेही जुळवलेलेच नाव, पण आता जवळजवळ चारशे वर्षांचे. माझा आक्षेप नावाला नाही, खोट्या जन्मदाखल्याला आहे. या याद्या तयार करणारे कोणत्याही ध्वनीला ‘विष्णूचे एक नाव’ किंवा ‘देवीचे रूप’ असा अर्थ चिकटवतात, आईबाप तो विश्वासाने बारशाच्या पत्रिकेवर छापतात आणि मूल मोठे होऊन संस्कृत शिकू लागले की, आपल्या नावाचा धातूच सापडत नाही, हे त्याला कळते. नाव आवडले असेल तर ‘आम्हाला त्याचा आवाज आवडला’ एवढे कारण पुरे आहे आणि ते खरे आहे.

प्रश्न : आमच्या इमारतीत तीन पारशी कुटुंबे आहेत. जमशेद, मेहेर, बेहराम, अर्देशीर, दारा ही त्यांच्याकडील नावे मला फार आवडतात, पण त्यांचा आपल्या भाषेशी काही संबंध आहे का, हे कळत नाही. (वसुंधरा, दादर)

उत्तर : संबंध फार जवळचा आहे. पारशी धर्मग्रंथांची अवेस्ता भाषा आणि वेदांची भाषा या सख्ख्या बहिणी असून आपला ‘स’ तिकडे अनेकदा ‘ह’ होतो : सप्तचे हप्त, सोमाचे हओम, असुराचे अहुर. ही किल्ली हाती असली की, आपल्या शेजाऱ्यांची नावे उघडू लागतात. मेहेर म्हणजे मिथ्र, आपला वैदिक मित्र. बेहराम हे वेरेथ्रघ्न या देवतेच्या नावाचे घासलेले रूप असून ते आपल्या वृत्रघ्नाशी, म्हणजे वृत्राला मारणाऱ्या इंद्राच्या विशेषणाशी, जुळते. अर्देशीरमध्ये ऋत आणि क्षत्र हे दोन्ही शब्द आहेत : ज्याचे राज्य सत्यावर उभे आहे तो.

जमशेद हे नाव यिम क्षएत, म्हणजे तेजस्वी यिम, यावरून आले. हा यिम विवंह्वंताचा पुत्र आणि आपला यम विवस्वताचा पुत्र. दोघे मुळात एकच. परंतु इराणात तो सुवर्णयुगाचा राजा म्हणून आठवला गेला आणि नवरोजशी त्याचे नाव जोडले गेले, तर आपल्याकडे मरण पावलेला पहिला मर्त्य म्हणून तो मृतांचा स्वामी झाला. म्हणून पारशी घरात मुलाचे नाव आनंदाने जमशेद ठेवतात आणि आपल्या घरात यम हे नाव पाळण्यात उच्चारायला कोणी धजणार नाही.

दारा हे नाव मी मुद्दाम शेवटी ठेवले आहे. त्याचे जुने रूप दारयवहु; इसवी सनापूर्वी 522 ते 486 या काळात इराणवर राज्य करणाऱ्या सम्राट दारियसने बेहिस्तूनच्या कड्यावर कोरवलेल्या लेखात ते आजही वाचता येते. त्यातील दारय म्हणजे आपले धारय, आणि वहु म्हणजे आपले वसु. वसूला, म्हणजे जे चांगले आहे त्याला, धारण करणारा, असा त्याचा अर्थ. आपल्या वसुंधरा या नावातही वसु आहे आणि धृ हाच धातू आहे. तेव्हा पुढच्या वेळी जिन्यात दारा भेटले, तर आपण दोघे एकाच नावाचे आहात, हे त्यांना अवश्य सांगावे.